वडिलांच्या नावाने खेळलेला हंगाम

नोकरीनिमित्त तुलूझला येऊन मला चार महिने झाले होते. २०२२च्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी, शहरापासून पाऊण तासावर लोरागेच्या टेकड्यांमध्ये असलेल्या एका गावाच्या रग्बी मैदानावर मी पहिल्यांदा जाऊन उभा राहिलो. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात तीन पावसाळे खेळलेलो असल्यामुळे खेळ मला नवा नव्हता, पण खेळाभोवतीची व्यवस्था नावालाही ठाऊक नव्हती. आपल्याकडे रग्बी म्हणजे पावसाळ्यातले काही सामने आणि चार-आठ दिवसांत आटोपणारी एखादी स्पर्धा. इथे मात्र सप्टेंबरपासून वसंतापर्यंत चालणारी, वर चढण्याची आणि खाली घसरण्याची सोय असलेली लीग होती, आणि ती बँकेतले कारकून, शेतकरी, सुतार आणि शाळामास्तर खेळत होते.

प्रशिक्षकाने मला आधी वजन विचारले आणि मग जागा विचारली. मी ‘प्रॉप’ म्हणताच त्याने हातातली शिट्टी खिशात घातली आणि मला थेट सचिवबाईंच्या टेबलापाशी नेऊन उभे केले. प्रॉप हा स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांनी एकमेकांत गुंतून केलेल्या रेटारेटीच्या, पुढच्या रांगेत दोन्ही टोकांना उभा राहणारा, मानेवर सगळा भार घेणारा गडी असतो, आणि हौशी रग्बीत त्याची टंचाई लग्नसराईतल्या आचाऱ्यासारखी असते. याचे कारण नियमात आहे. यादीत जितके खेळाडू जास्त, तितके पुढच्या रांगेत खेळण्यास योग्य असलेले गडीही जास्त असावे लागतात. ते नसतील तर स्क्रम नुसता नावापुरता, रेटारेटीशिवाय होतो, आणि या भागातले प्रेक्षक तसा स्क्रम म्हणजे मीठ नसलेली भाजी समजतात.

सचिवबाई साठीच्या पुढच्या होत्या. मी आपल्या सवयीप्रमाणे त्यांना फ्रेंचमधले ‘तुम्ही’ लावले, तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “इथे अध्यक्षालाही ‘तू’ म्हणतात. ‘तुम्ही’ फक्त रेफरीला, आणि तेही सामना संपेपर्यंत.” त्यानंतर त्यांनी मला परवान्याची, म्हणजे ‘लिसांस’ची, प्रक्रिया समजावली. परवान्याशिवाय सरावसुद्धा नाही, कारण विमा परवान्याला जोडलेला असतो. फ्रेंच रग्बी महासंघाच्या ‘ओव्हाल-ई’ नावाच्या संगणकप्रणालीत क्लब खेळाडूचे नाव आणि ईमेल टाकतो, खेळाडूला एक दुवा येतो, त्यावर त्याने आपली माहिती, छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रत चढवायची असते. डॉक्टरने मात्र महासंघाच्याच छापील नमुन्यावर सही करायची असते. पुढच्या रांगेत खेळणाऱ्याची मान आणि पाठ डॉक्टरने वेगळी तपासायची असते. माझ्या डॉक्टरने माझी मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली, खांद्यांवर जोर देऊन पाहिला आणि सही करता करता सहज विचारले, “भारतात हा खेळ आहे?” कलकत्त्याच्या क्लबाने बंद होताना उरलेले चांदीचे रुपये वितळवून घडवलेल्या चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दर वर्षी झुंजतात, हे मी सांगितले, तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. फ्रेंच माणसाला इंग्लंडच्या चषकाचे कौतुक सांगण्यात तसाही अर्थ नव्हता.

अडचण दोन ठिकाणी आली, आणि दोन्ही ठिकाणी चूक माझीच होती. पहिली चूक अशी की ‘याआधी दुसऱ्या देशाच्या संघटनेत खेळला आहात का’ या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर दिले. जिमखान्यावरचा आमचा रविवारचा दंगा ‘दुसऱ्या देशाच्या संघटनेत’ मोडतो, असे मला वाटले नव्हते. प्रत्यक्षात जागतिक रग्बी संघटनेच्या नियमाप्रमाणे एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाणाऱ्या खेळाडूला आधीच्या राष्ट्रीय संघटनेचे लेखी ना-हरकत पत्र लागते. तो विश्वचषक खेळलेला असो की रविवारी दुपारी वेळ घालवायला खेळलेला असो, पत्र सगळ्यांना सारखेच लागते. सरावात मी बोलता बोलता मुंबईचे किस्से सांगायला लागलो, ते सचिवबाईंच्या कानावर गेले, आणि त्यांनी माझा अर्ज मागे घेऊन पुन्हा भरायला लावला. पत्र मागवणे, ते येणे, लीगने ते पाहणे, यात हंगामाचे पहिले तीन सामने मी कठड्याला टेकून पाहिले.

दुसरी चूक नावाची. आपल्या सरकारी अर्जांत आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहायची सवय असते. फ्रेंच अर्जात रकाने दोनच होते. घाईघाईत पहिल्या रकान्यात मी आडनावासह माझे नाव बसवले आणि दुसऱ्यात, म्हणजे फ्रेंच माणूस ज्याला हाक मारायचे नाव समजतो त्या रकान्यात, वडिलांचे नाव लिहिले. तिन्ही नावे पासपोर्टावर होतीच, त्यामुळे पडताळणीत कोणाला काही खटकले नाही. परवाना छापून आला तो वडिलांच्या नावाने. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ध्वनिक्षेपकावरून संघ वाचून दाखवताना पाठीवर तीन आकडा असलेल्या गड्याचे जे नाव पुकारले गेले, ते माझ्या एकाहत्तर वर्षांच्या, पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्या वडिलांचे होते. संघाने मला त्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. मी दोन-तीनदा दुरुस्त करून पाहिले, पण एकदा जिभेवर बसलेले नाव कोणी सोडेना. फोनवर वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मी आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळलो नाही. जरा जपून खेळ, बदनामी माझी होईल.”

लीगची उतरंड मला सचिवबाईंनी एका जुन्या लोटोच्या, म्हणजे तिथल्या तंबोल्याच्या, जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवली. सर्वांत वर १४ संघांची ‘टॉप १४’ आणि तिच्याखाली १६ संघांची ‘प्रो डे-दोन’ या दोन व्यावसायिक पायऱ्या असून त्यांचा कारभार १९९८मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रग्बी लीगकडे असतो. त्याखालचे सगळे महासंघाचे. २०२०मध्ये सुरू झालेली १४ संघांची ‘नासिओनाल’, २०२२मध्ये तिच्याखाली जोडलेली २४ संघांची ‘नासिओनाल दोन’, मग ‘फेदेराल एक’मध्ये ४८ आणि ‘फेदेराल दोन’मध्ये ९६ संघ, मग ‘फेदेराल तीन’. इथवर देशपातळी संपते आणि प्रादेशिक लीगांचा मुलूख सुरू होतो. ‘रेजिओनाल एक’, ‘दोन’ आणि ‘तीन’. आमचा क्लब ऑक्सितानी लीगच्या ‘रेजिओनाल दोन’मध्ये होता. अंबरनाथच्या संघाने चढत चढत रणजी करंडकापर्यंत जावे, तशी वाट इथे कागदावर तरी उघडी असते.

ही नावेही त्याच वर्षी बदललेली होती. आधी याच पायऱ्यांना ‘ओनर’, ‘प्रोमोसियों दोनर’ आणि त्याखाली ‘पहिली सेरी’, ‘दुसरी सेरी’ असे म्हणत. ‘ओनर’ म्हणजे मानाची पायरी. महासंघाने आकड्यांची नवी नावे आणली तरी गावातले म्हातारे अजून ‘आम्ही सेरीत होतो तेव्हा’ अशीच सुरुवात करतात, आणि मला ते पटते, कारण ‘मान’ गमावून त्या जागी ‘प्रादेशिक एक’ मिळवण्यात कोणाला काय लाभ झाला, ते कळत नाही. प्रत्येक पायरीवर संघांचे गट पाडलेले असतात. गटाला ‘पूल’ म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये कोंबडीलाही तोच शब्द असल्यामुळे दर हंगामाच्या सुरुवातीला तोच विनोद नव्याने केला जातो. आमच्या गटात दहा संघ होते. प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, असे १८ सामने. सगळे प्रतिस्पर्धी फार तर तास-दीड तासाच्या अंतरावरचे, कारण प्रवासखर्च हा हौशी क्लबाच्या जमाखर्चातला सर्वांत बोचणारा काटा असतो, आणि गट पाडताना लीग नकाशा समोर ठेवूनच बसते.

विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. त्यावर बोनस. ट्राय म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे. प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन ट्राय जास्त करून जिंकल्यास एक गुण अधिक, आणि थोडक्यात हरल्यासही एक गुण. बहुतेक देशांत चार ट्राय केल्या की बोनस मिळतो, मग समोरच्याने कितीही केलेल्या असोत. फ्रान्समध्ये मात्र हा ‘तीन जास्त’चा हिशोब आहे, आणि त्यामुळे ३० गुणांनी पुढे असलेला संघही शेवटच्या मिनिटाला ट्राय बसू नये म्हणून जीव तोडून अडवत राहतो. एका सामन्यात आम्ही शेवटच्या क्षणी एक निरुपद्रवी ट्राय खाल्ली आणि आमचा कर्णधार सामना हरल्यासारखा गुडघ्यांवर बसला. मला वाटले त्याला लागले आहे, पण तो मनात गुणतक्ता मांडत होता.

रविवारचा क्रम ठरलेला असतो. दीडच्या सुमारास दोन्ही क्लबांचे राखीव संघ खेळतात, त्याला ‘पडदा वर करणे’ म्हणतात, आणि तीन वाजता मुख्य संघ. राखीव संघाची वेगळी स्पर्धा आणि वेगळा गुणतक्ता असतो, त्यामुळे तो नुसता सराव नसतो. माझे पहिले चार सामने राखीव संघातून झाले. आमच्या राखीव संघात एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता आणि चाळिशी ओलांडलेला एक गवंडीही होता, ज्याला वयामुळे हृदयाची जादा तपासणी करून परवाना घ्यावा लागला होता. तो माझ्या शेजारी हूकर म्हणून, म्हणजे पुढच्या रांगेच्या मधोमध, खेळायचा आणि स्क्रममध्ये मला कानात सूचना द्यायचा, त्यातल्या निम्म्या शिव्या होत्या, हे मला डिसेंबरमध्ये कळले.

सामन्याआधी यादी भरली जाते. पूर्वी कागदावर भरायची, आता टॅब्लेटवर. त्यात खेळाडूंचे परवाने दिसतात, कोण निलंबित आहे ते दिसते, पुढच्या रांगेत कोण खेळू शकतो त्याची नोंद दिसते. रेफरी लीगकडून येतो, पण आमच्या पातळीवर रेषेवरचे पंच दोन्ही क्लबांनी आपापले द्यायचे असतात, आणि त्यासाठीही त्या माणसाकडे पंचगिरीच्या मूलभूत पात्रतेचे प्रमाणपत्र लागते. आमच्याकडे हे काम एक निवृत्त पोस्टमन करायचा. तो झेंडा फार प्रामाणिकपणे वर करायचा, त्यामुळे आपल्याच गावाच्या शिव्या त्याला सगळ्यांत जास्त बसायच्या.

स्क्रमबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मी दूर देशी येऊन खरे शिकलो ते तिथेच. रेफरी तीन शब्द पुकारतो. “फ्लेक्सियों” म्हटले की दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणांनी गुडघे वाकवायचे. “लिये” म्हटले की प्रॉपने बाहेरचा हात पुढे करून समोरच्याची जर्सी काखेजवळ पकडायची, तेव्हा त्याचा कान तुमच्या कानाला लागलेला असतो, त्याच्या दाढीतल्या मलमाचा वास येतो, आणि तो सकाळी काय जेवला तेही समजते. मग “ज्यो!”, म्हणजे खेळा, आणि पाठीमागून सहाशे-सातशे किलो तुमच्या कण्यातून पुढे सरकतात. मुंबईत आम्ही स्क्रम पटकन उरकून चेंडू बाहेर काढायचो. इथे चेंडू हे निमित्त असते. पहिल्याच मुख्य सामन्यात समोरचा प्रॉप, डोक्याने पूर्ण टकला आणि वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पकड घेताना हळूच म्हणाला, “स्वागत आहे,” आणि पुढच्या क्षणी त्याने मला बरगडीखालून असे वर उचलले की माझे दोन्ही पाय गवतावरून सुटले. सामना संपल्यावर तोच माझ्यासाठी बिअर घेऊन आला आणि टेबलावर दोन बाटल्यांची बुचे मांडून, खांदा कुठे ठेवायला हवा होता ते त्याने मला शिकवले. प्रतिस्पर्ध्याला आपले गुपित का शिकवावे, असे विचारल्यावर तो म्हणाला की परतीच्या सामन्यात फुकट ढकलण्यात मजा येत नाही.

नोव्हेंबरपासून सामने होणार की नाही, हा वेगळाच प्रश्न सुरू झाला. मैदान क्लबाचे नसते, गावाच्या पालिकेचे असते, आणि पाऊस किंवा दव गोठून जमीन खराब झाली की महापौर लेखी हुकूम काढून मैदान बंद करू शकतो. तो कागद लीगकडे गेल्याशिवाय सामना पुढे ढकलला जात नाही. सरळसाधी तरतूद आहे. पण आपला अर्धा संघ जायबंदी असताना आणि गटातला पहिला संघ पाहुणा म्हणून येणार असताना महापौराला शुक्रवारी संध्याकाळी मैदानाची अचानक काळजी वाटू लागते, ही गोष्ट या खोऱ्यात सर्वांना ठाऊक आहे. एका शनिवारी आमचे चार जण प्रतिस्पर्ध्यांच्या गावात ‘सहज’ गाडीने जाऊन आले आणि मैदान कोरडे ठणठणीत असल्याचे फोटो घेऊन परतले. सामना तरीही पुढे ढकलला गेला, कारण हुकूम तो हुकूम. फेब्रुवारीत आमच्या महापौरानेही तेच केले, तेव्हा मी फोटोंची आठवण काढली नाही.

डिसेंबरमध्ये मला निळे कार्ड मिळाले. पिवळे म्हणजे दहा मिनिटे बाहेर, लाल म्हणजे प्रकरण लीगच्या शिस्त समितीपुढे, हे मला माहीत होते. निळे नवीन होते. खेळाडूच्या मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी रेफरी ते दाखवतो, आणि त्यावर वाद नाही. तो खेळाडू बाहेर जातो आणि त्या दिवशी परत येत नाही. चूक माझीच होती. पळणाऱ्या गड्याला अडवताना मी डोके चुकीच्या बाजूला, म्हणजे त्याच्या पुढे ठेवले आणि त्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी उठलो, मला वाटले की मी ठीक आहे, आणि स्क्रमसाठी चालत गेलो तो समोरच्या संघाच्या बाजूला. रेफरीने माझ्याकडे बघितले, खिशातून निळे कार्ड काढले आणि ते दाखवण्याआधी माझ्या कोपराला धरले. ते धरणे मला अजून आठवते. एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा, तसे.

त्या रात्रीच सामन्याच्या नोंदीतून माझा परवाना गोठला. सचिवबाईंनी ठरवले असते तरी मला यादीत घेता आले नसते, कारण प्रणाली नावच उचलत नाही. डॉक्टरकडे जायचे, सक्तीची विश्रांती घ्यायची, पुन्हा डॉक्टरकडे जायचे, आणि त्याने खेळायला परत परवानगी दिल्याचा कागद चढवल्यावरच कुलूप उघडते. नाताळची सुट्टी त्यातच गेली. घरी मात्र मी सांगितले की सामने बंद आहेत, आणि तेवढे खरेही होते.

इतकी कडक व्यवस्था कशी आली, ते मला त्या सक्तीच्या रविवारी कठड्यापाशी उभे असताना समजले. मे २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात फ्रान्समध्ये चार तरुण खेळाडू मैदानावरच्या आघातानंतर दगावले. त्यांतला एक व्यावसायिक क्लबात होता, बाकीचे गावाच्या, विद्यार्थ्यांच्या आणि कुमारांच्या संघांतले. महासंघाने २०१९च्या हंगामापासून हौशी रग्बीत पळणाऱ्याला अडवण्याची पकड कमरेपर्यंत खाली आणली आणि दोघांनी मिळून एकाला एकदम अडवण्यास मनाई केली. मी आलो तोवर लोकांच्या अंगवळणी ते पडले होते. मला मात्र खांद्याच्या उंचीवर अडवायची सवय होती, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक सरावात माझ्या नावे दोन-तीन दंड जायचे. माझ्या नावे म्हणजे अर्थात वडिलांच्या. जानेवारी २०२३मध्ये इंग्लंडने हौशी रग्बीसाठी असाच नियम जाहीर केला आणि तिकडे मोठा गहजब झाला, तेव्हा आमच्या ब्युव्हेतमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या पेयपानाच्या टपरीत, इंग्रजांना शेवटी अक्कल आली यावर एक फेरी झाली.

ही टपरी क्लबाचे खरे आर्थिक केंद्र होय. क्लब हा १९०१च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था असतो, आपल्याकडच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळासारखा, अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि बाकी सगळे फुकट राबणारे. पैसा येतो तो पालिकेच्या अनुदानातून, मैदानाभोवतीच्या फलकांच्या जाहिरातींतून, सॉसेज आणि बिअरमधून, आणि हिवाळ्यातल्या लोटोतून, ज्यात अख्खे गाव सामाजिक सभागृहात बसून आकड्यांवर मक्याचे दाणे ठेवते आणि डुकराची एक मांडी जिंकायला येते. लोटोच्या रात्री मी आकडे पुकारायचे काम केले. फ्रेंचमध्ये ब्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-बारा’, आणि मराठी माणूस ‘ब्याण्णव’ शिकला असेल तर त्याला या भाषेच्या आकड्यांची भीती वाटू नये, असे माझे मत आहे.

हौशी म्हणजे किती हौशी, हा प्रश्न मात्र कोणी उघडपणे विचारत नाही. १९३१मध्ये ब्रिटिश संघटनांनी फ्रान्सशी सामने तोडले होते, त्यामागे मैदानावरची हाणामारी होती आणि चोरून पैसे देण्याचा आरोपही होता. व्यावसायिकतेला अधिकृत मान्यता मिळाली ती १९९५च्या ऑगस्टमध्ये. आज फेदेरालच्या वरच्या पायऱ्यांवर पगार मिळतात. आमच्या पायरीवर मला मिळाले ते बूट घेताना दुकानातली सवलत आणि एकदा, एका शेतकरी समर्थकाने सामना जिंकल्यावर गाडीत ठेवलेली लसणाची माळ.

पैशाइतकीच काळजी क्लबाला आणखी एका गोष्टीची असते, ती म्हणजे कर्तव्यांची. मोठ्यांचा संघ खेळवायचा असेल तर क्लबाने मुलांची शाळा चालवली पाहिजे, कुमारांचे संघ दिले पाहिजेत, प्रशिक्षित मार्गदर्शक ठेवले पाहिजेत आणि रेफरी पुरवले पाहिजेत. कमी पडल्यास गुण कापले जाऊ शकतात. आमच्या गावात सोळा वर्षांखालची पुरेशी मुले नव्हती, म्हणून शेजारच्या दोन गावांशी मिळून त्यांचा एक संयुक्त संघ होता. त्याच दोन गावांशी मोठे लोक सात पिढ्यांचे वैर चालवत. शनिवारी सकाळी पोरे एकाच रंगाच्या जर्सीत आणि रविवारी दुपारी त्यांचे बाप एकमेकांच्या कानशिलाशी. मला हे दृश्य बुचकळ्यात टाकायचे, त्यांना नाही.

या छोट्या क्लबांना मत असते, हेही मला त्याच जानेवारीत कळले. महासंघाच्या अध्यक्षाची जागा कोणी चालवावी, यावर देशभरच्या क्लबांचे मत संगणकावरून मागवले गेले, आणि सुचवलेल्या उमेदवाराला जेमतेम निम्म्याहून जास्त मतांनी नकार मिळाला. जूनमध्ये नवा अध्यक्ष निवडून आला. क्लबाची मते त्याच्या परवानाधारकांच्या संख्येनुसार ठरतात. आमच्या सचिवबाईंनी मतदान केले ते स्वयंपाकघरात, वांगी तळत असताना, आणि कोणाला केले ते क्लबाच्या अध्यक्षालाही सांगितले नाही.

एप्रिलमध्ये आम्ही गटात तिसरे आलो आणि बादफेरीत गेलो. बादफेरीचे सामने त्रयस्थ मैदानावर होतात, त्यामुळे दोन गावे गाड्या, ढोल आणि झेंडे घेऊन तिसऱ्याच गावात लोटतात. फ्रान्समध्ये जवळपास प्रत्येक पायरीच्या विजेत्याला ढाल मिळते. मूळ ढाल १८९२ची, राष्ट्रीय विजेतेपदाची, तिच्या पहिल्या अंतिम सामन्याचा रेफरी ऑलिंपिकचा पुनरुद्धार करणारा कुबेर्तां होता, आणि लोक तिला प्रेमाने ‘लाकडाचा तुकडा’ म्हणतात. आमच्या पायरीच्या लाकडाच्या तुकड्यापासून आम्ही बरेच दूर राहिलो. आमचा सामना ज्या दिवशी होता, त्या दिवशी ओतां वाहत होता. हा आग्नेयेकडून येणारा वारा तीन, सहा किंवा नऊ दिवस टिकतो असे इथले लोक सांगतात, आणि तो वाहताना माणसे चिडकी होतात असेही. उत्तरार्धात आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध होतो. आमच्या लाथाडणाऱ्याने मारलेला चेंडू एकदा खरोखर मागे फिरून आमच्याच डोक्यावरून गेला. ११-९ असे हरलो. हरलेल्या संघाचा हंगाम तिथेच संपतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान इतकी ताठली होती की ऑफिसात मला सहकाऱ्याकडे वळायला खुर्ची फिरवावी लागली.

जूनच्या शेवटी वार्षिक सभा झाली. खजिनदाराने हिशोब वाचला, सॉसेजमधला नफा घटल्याबद्दल एका सभासदाने प्रश्न विचारला, आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मग अध्यक्षाने सांगितले की पोस्टमनचे गुडघे गेले आहेत, झेंड्याला माणूस हवा आहे, शिवाय क्लबाच्या नावावर रेफरी एक कमी पडतो आहे. कोणी हात वर केला नाही. सचिवबाईंनी माझ्याकडे पाहिले. निळ्या कार्डानंतर मी कठड्यापाशी उभा राहून नियमांवर फार बडबड केली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली होती.

सभा संपल्यावर त्यांनी पंचगिरीच्या प्रमाणपत्राचा अर्ज आणि पुढच्या हंगामाच्या परवान्याचा अर्ज असे दोन्ही माझ्यासमोर उघडले. मी म्हटले, या निमित्ताने नाव तेवढे दुरुस्त करून घेऊ. त्या म्हणाल्या की त्यासाठी पासपोर्टची प्रत पुन्हा पाठवावी लागेल, अर्ज लीगकडे जाईल आणि तो सुटेपर्यंत परवाना अडकेल, तेव्हा आधी पंचाचा अर्ज भर, वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे. मी रकाने पाहिले. तिथेही दोनच होते. पहिल्यात आडनाव लिहिले, दुसऱ्यात वडिलांचे.